खाडीकाठची ही गोल दगडी बांधणी चुन्याची भट्टी आहे का?

खाडीवाला: नमस्कार मंडळी, मे महिन्यात मामाकडे गेलो होतो देवगडजवळ, तिथे खाडीच्या वर उतारात जांभ्याची एक गोल बांधणी आहे, दिसायला कोरड्या विहिरीसारखी, पुरुषभर खोल, तळाला खाडीच्या बाजूने कमानीचं भोक आणि आतले चिरे भाजून काळे पडलेत. आजी म्हणते चुन्याची भट्टी. पण किल्ल्यावर जो चुन्याचा घाणा बघितलाय तो तर वेगळाच, जमिनीत गोल चर आणि त्यात दगडी चाक. आणि आपल्याकडे सगळा जांभा नि काळा कातळ, चुनखडी आणली कुठून?

चिरेबंदी: आजीचं बरोबर आहे. घाणा आणि भट्टी यात खूप जणांचा गोंधळ होतो. घाण्यात भाजत नाहीत, मळतात. विझवलेला, म्हणजे भाजून पाणी घातलेला चुना आणि वाळू चरात टाकून बैलाने चाक फिरवायचं, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालायचे. भाजण्याचं काम भट्टीत. लाकूड किंवा कोळशाचा एक थर, मालाचा म्हणजे चुनखडी किंवा शिंपल्यांचा एक थर असं वरपर्यंत रचायचं आणि खालून पेटवायचं, ते भोक हवा आत ओढायला आणि तयार चुना बाहेर काढायला. उतारात बांधली म्हणजे वरून माल ओतता येतो, खालून काढता येतो, शिवाय मागची माती आतली धग धरून ठेवते. साधारण ९०० अंशाला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलो शुद्ध मालाचा ५६ किलोच कळीचा चुना उरतो, म्हणून भाजलेला तुकडा दिसायला तेवढाच पण हाताला एकदम हलका लागतो. तो वायू हवेपेक्षा जड, थंडीत उबेसाठी भट्टीच्या कडेला झोपणं जिवावर बेतू शकतं.

तिसऱ्या_मुळे: चुनखडी कशाला हवी, खाडीत शिंपले आहेत ना. कालवं, तिसऱ्या, सगळ्यांच्या कवचात तेच कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीच्या आसपास जमीन थोडी उकरून बघ, फुटक्या शिंपल्यांचा थर लागला तर विषयच संपला.

दर्यावर्दी: जहाजावर होतो तेव्हा वेल्समध्ये पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर अशाच दगडी भट्ट्या बघितल्यात, अगदी पाण्याला लागून. तिकडे चुनखडी आणि कोळसा बोटीने यायचा आणि चुना मुख्यतः शेतात जायचा, आंबट माती सुधारायला. भाजलेला चुनाच का नाही आणला असं मला वाटायचं, मग कळलं की कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो इतका तापतो की लाकडी बोट पेटू शकते, म्हणून दगड आणायचा आणि जिथे हवा तिथेच भाजायचा.

खाडीवाला: बापरे, एवढं माहीतच नव्हतं, सगळ्यांचे आभार! मामा म्हणतोय कमानीचे दोन चिरे निखळलेत ते सिमेंटने बसवून टाकू.

चिरेबंदी: सिमेंट अजिबात नको!! जांभा पाणी पितो, चुन्याच्या सांध्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटने सांधा बंद केलास की खारी ओल चिऱ्यात अडकते आणि चिराच भुगा होत जातो. विझवून मुरवलेला चुना आणि धुतलेली वाळू घे, समुद्राची नको, आणि काम पावसाळा संपल्यावर कर कारण चुना हवेतला तोच वायू परत घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला वेळ लागतो. तोवर मामाला म्हणावं निखळलेले चिरे तिथेच बाजूला रचून ठेव, गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला वापरू नकोस. आणि फोटो टाक, आतला पण.