ॲप काढलं तरी पैसे का कापले जातात? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी ४०२ : नमस्कार मंडळी. एका ओटीटीचं सबस्क्रिप्शन बंद करायचंय. ॲप फोनमधून कधीच काढून टाकलंय, तरी आज मेसेज आला की उद्या ४९९ रुपये वजा होणार. ॲप काढलं की सगळं बंद होत नाही का?

ए ११०३ : नाही ताई. ॲप काढणं म्हणजे पेपर वाचायचा सोडणं. पेपरवाल्याला सांगितलं नाही तर बिल येतच राहणार. आधी एक सांगा, पैसे यूपीआय ऑटोपेने (म्हणजे एकदा मंजुरी दिली की दर वेळी आपोआप) जातात की कार्डवरून? आणि सबस्क्रिप्शन कुठून घेतलं होतं: त्यांच्या वेबसाइटवरून, प्ले स्टोअरवरून की मोबाइलच्या रिचार्जबरोबर?

बी ४०२ : यूपीआय. कुठून घेतलं ते आठवत नाही.

ए ११०३ : मग ईमेलमध्ये पावती शोधा. ती ज्याच्याकडून आली असेल, रद्द करण्याचं बटण त्याच्याकडेच सापडेल. प्ले स्टोअरमधून घेतलेलं असेल तर ओटीटीच्या साइटवर शोधत बसून उपयोग नाही. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपला फोटो, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, मग ‘सबस्क्रिप्शन्स’. तिथे त्या सेवेवर बोट ठेवलं की ‘कॅन्सल’ येतं. घरात दोन-तीन जीमेल खाती असतील तर प्रत्येक खात्याची यादी वेगळी असते. चुकीच्या खात्यात बघून ‘काहीच चालू नाही’ असं समजणारे खूप आहेत. आयफोनवर सेटिंग्ज, सगळ्यात वर आपलं नाव, मग ‘सबस्क्रिप्शन्स’.

रिचार्जबरोबर किंवा ब्रॉडबँडच्या पॅकमध्ये आलेलं असेल तर ओटीटीच्या साइटवर रद्द करायची सोयच दिसत नाही. ते मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीकडूनच बंद होतं.

ए ३०५ : एवढं कशाला? थेट फोनपेमधून ऑटोपे काढून टाकलं की झालं.

ए ११०३ : काका, तिथेच गडबड होते. या दोन वेगळ्या गाठी आहेत. सबस्क्रिप्शन हा तुमचा आणि ओटीटीचा व्यवहार, आणि मँडेट ही बँकेला दिलेली परवानगी. नुसतं मँडेट काढलं तर ओटीटीकडे खातं चालूच राहतं, आणि तिथे दुसरं कार्ड किंवा वॉलेट जोडलेलं असेल तर पैसे तिकडून जाऊ शकतात. उलट, नुसतं सबस्क्रिप्शन रद्द केलं आणि मँडेट तसंच ठेवलं, तर परवानगी बँकेत जिवंत राहू शकते. म्हणून आधी सबस्क्रिप्शन, मग मँडेट. दोन्ही.

मँडेटसाठी फोनपे किंवा गूगल पे उघडून आपल्या फोटोवर जायचं, तिथे ‘ऑटोपे’ आहे. ज्या ॲपमधून मंजुरी दिली होती त्याच ॲपमध्ये आधी बघा. ‘पॉज’ आणि ‘कॅन्सल’ ही वेगळी बटणं आहेत. पॉज केलेलं मँडेट पुन्हा सुरू होतं, तेव्हा कॅन्सलच करा.

बी ४०२ : सापडलं! पण इथे रक्कम ‘१५,००० पर्यंत’ दिसतेय. प्लॅन तर ४९९ चा आहे.

ए ११०३ : बरं झालं विचारलंत. तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. अशा सबस्क्रिप्शनसाठी ओटीपी किंवा पिन न मागता दर वेळी जास्तीत जास्त १५,००० रुपये कापता येतात. ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवली. कंपन्या मँडेट मोठ्या रकमेचं घेऊन ठेवतात, म्हणजे उद्या भाव वाढला तरी नव्याने परवानगी मागायला नको. त्याच पानावर खाली वारंवारिता बघा. ‘ॲज प्रेझेंटेड’ लिहिलं असेल तर महिना-वर्ष असा ठराविक काळ नाही, मागणी येईल तेव्हा पैसे जाणार. एक-दोन रुपयांच्या ‘ट्रायल’ला मंजुरी देताना या दोन ओळी वाचल्याशिवाय पिन टाकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ए ३०५ : खात्यात पैसेच ठेवले नाहीत तर?

ए ११०३ : काका, तसं नको. वजावट फसली की पुन्हा प्रयत्न होतात. मँडेट जागेवरच राहतं, आणि पगार किंवा पेन्शन जमा झाल्यावर पैसे जातात.

सी २०४ : कार्डवाल्यांसाठी लिहिते. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं. त्या मेसेजमध्ये कंपनीचं नाव, रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक आणि कारण असतं. त्यातूनच ती एक वजावट किंवा पूर्ण मँडेट नाकारायची सोय द्यावी लागते. नेट बँकिंगमध्ये हे कार्डांच्या विभागात ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ नावाने सापडतं. मँडेट काढायला बँक शुल्क घेऊ शकत नाही.

तरी ताई, पुढच्या वेळी शेवटच्या दिवसावर जाऊ नका. दोन-तीन दिवस हातात ठेवा. आज मात्र हातातलं काम टाकून हेच करा.

बी ४०२ : ओटीटीच्या साइटवर ‘कॅन्सल’ दाबलं की ऑफरच येतात. तिसरं पान झालं. आता चॅटवर बोला म्हणताहेत.

सी २०४ : प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. याला नाव आहे: ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे वेबसाइट-ॲपवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि हा त्यातला एक. रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, बटण लपवणं, फुकट सेवेसाठी ऑटो-डेबिटची मंजुरी घ्यायला लावणं, सूचना संदिग्ध ठेवणं, हे सगळं त्यात येतं.

चॅटवर एवढंच लिहा: ‘माझं सबस्क्रिप्शन आजच्या तारखेपासून नूतनीकरणासाठी रद्द करावं. यापुढे कोणतीही रक्कम वजा करण्यास माझी संमती नाही. तक्रार क्रमांक द्यावा.’ तोच मजकूर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असायलाच हवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची.

ए ३०५ : आणि पैसे गेलेच तर परत मिळतात का?

सी २०४ : इथे खोटी आशा देत नाही काका. ऑनलाइन सेवा अमुक दिवसांत परत करून पैसे मिळतील, असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. बहुतेक सेवा भरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवतात आणि पुढचं नूतनीकरण थांबवतात. वेळेत रद्द करूनही पैसे कापले असतील तर मात्र बाजू भक्कम. प्ले स्टोअरवरची खरेदी असेल तर ४८ तासांच्या आत परतावा मागा, तेव्हा काम सोपं असतं.

मँडेट काढल्यावरही बँकेने पैसे जाऊ दिले तर बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तिथे फी नाही, माहितीसाठी १४४४८.

ओटीटी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. तेवढ्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि कंपनीचं ऑफिस कुठेही असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

बी ७०१ : ज्यांची मुलं जर्मनीत आहेत त्यांच्यासाठी एक. तिथे १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन घेतलेला करार रद्द करायचं बटण वेबसाइटवरच ठेवणं बंधनकारक आहे, आणि दाबल्यावर लगेच लेखी पोच द्यावी लागते. आपल्याकडेही असंच सरळ बटण हवं.

बी ४०२ : दोन्ही झालं. सबस्क्रिप्शन रद्द झाल्याची ईमेल आली. मँडेट काढताना मात्र त्याने पिन मागितला. टाकला, पण धाकधूक वाटली. पिन फक्त पैसे पाठवताना टाकायचा असतो ना?

ए ११०३ : मँडेट काढायलाही लागतो, त्यामुळे घाबरू नका. पण तो पिन आपण स्वतः उघडलेल्या ऑटोपेच्या यादीतच टाकायचा. कोणी फोन करून ‘सबस्क्रिप्शन रद्द करून देतो, मी पाठवलेली विनंती मंजूर करा’ म्हणालं, किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकलेले असतात. नंबर त्या ओटीटीच्या ॲपमधूनच घ्या. आणि ताई, ती ईमेल पुसू नका. उद्याचा बँकेचा मेसेज बघा, शिवाय पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवरही एकदा नजर टाका.