डाळिंबावरचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) ऊन वाढलं की आपोआप जातो का? मदत हवी आहे

सांगोला भाग, भगवा वाण, ४ वर्षांची झाडं, आंबे बहार (उन्हाळ्याच्या तोंडावर फुलं येणारा हंगाम) धरलाय. पानगळ झाल्यावर कोवळी पालवी फुटली आणि शेंड्याला मावा बसला, हिरवट पिवळा, कळ्यांच्या देठाला पण चिकटलाय. खालच्या पानांवर चिकटा (माव्याचा गोड चिकट स्राव) पडतोय, मुंग्यांची रांग लागलीय. त्यावर येणारी काळी बुरशी अजून नाही.

सध्या पहाटे १४-१५ डिग्री आणि दुपारी ३१-३२ पर्यंत जातंय. मला एवढं माहितीय की २० ते २५ मध्ये हा सगळ्यात जोरात वाढतो, मादी नराशिवायच थेट पिल्लं टाकते आणि आठ-दहा दिवसात ती पिल्लं परत पिल्लं द्यायला तयार, म्हणून एक शेंडा सोडला तरी परत तेच. ३०-३२ च्या वर वाढ मंदावते म्हणतात. पण आपल्याकडे रात्री गार असतात ना, मग दुपारच्या चार तासाच्या उन्हाचा उपयोग किती?

निंबोळी अर्क ५ टक्के दोनदा मारला ६ दिवसाच्या अंतराने, थोडा फरक पडला. जास्त लागलेले शेंडे खुडले. युरिया जादा दिलेला नाही. फुलं उमलायला लागलीत, मधमाशा येतायत, म्हणून कडक औषध नकोय (दुकानदार तेच गळ्यात मारतोय). मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या (लेडीबर्ड) अळ्या पण दिसल्या, झाडाला दोन-तीन.

ज्यांनी आंबे बहारात हे बघितलंय त्यांनी सांगा, दुपारचं तापमान किती आणि किती दिवस सलग राहिलं की मावा खरंच उतरतो? तोवर थांबू का अजून एक निंबोळीचा हात मारू?