स्वस्तातल्या पिस्तुलावर ३१ हजार घालावेत की मोठ्यासाठी थांबावं?

मिरजकर

मुलगी नववीत आहे. सव्वादोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल करतेय. पहिले सहा महिने क्लबचं पिस्तूल वापरलं. मग क्लबमधल्याच एका मोठ्या मुलाकडून सेकंड हँड घेतलं, ६० हजारांना. परदेशी बनावटीचं आहे, पण कंपनीच्या यादीतलं सगळ्यात खालचं मॉडेल. (नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणातच संपेल.) ग्रिप प्लास्टिकची, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालणारी, म्हणजे धड कुठल्याच हाताला न बसणारी.

सात महिने झाले, ६० शॉटच्या मॅचला स्कोअर ५२५ ते ५३५ मध्ये अडकलाय. ओळखीच्या एका कारागिराने आकडा दिला: हाताच्या मापाची अक्रोडाची ग्रिप १६ हजार, ट्रिगरचं काम आणि सगळे सील ७ हजार, मागची साइट (नेम धरायची खाच) बदलून ८ हजार. एकूण ३१. वरच्या दर्जाचं नवं पिस्तूल, म्हणजे स्टायर किंवा मोरिनी, घ्यायचं तर दोन लाखांच्या वर सांगतायत. माझी द्राक्षबाग नाही, महिन्याचा पगार आहे. काय करू?

रेंजवरची माशी

थांबा. एक रुपया घालू नका.

भाड्याच्या घराला इटालियन टाइल्स बसवतं का कुणी? तुमच्या लेकीच्या हाताच्या मापाची ग्रिप पुढच्या गिऱ्हाइकाला काय कामाची? विकायला काढाल तेव्हा तो ६० चे ४० करेल आणि ग्रिपचा विषयही काढणार नाही. शिवाय चौदाव्या वर्षीचा हात सोळाव्या वर्षी तोच राहत नाही. वरच्या दर्जाचं पिस्तूल मात्र तीन वर्षं वापरून विकलं तरी बरेचसे पैसे परत येतात. माझ्या मुलाच्या पहिल्या पिस्तुलावर आम्ही असंच थोडं थोडं करत ४४ हजार घातले. शेवटी मोठं घ्यावं लागलंच. ते ४४ कुठे गेले विचारू नका, घरात अजून त्यावरून टोमणे बसतात.

निवृत्त सुभेदार

माशीताई, तुमचं विकायचं गणित बरोबर आहे, पण ते दुकानदारीचं. मुलीला तोवर काय, वर्षभर न बसणारी मूठ धरून सराव करायला सांगायचं? चुकीची पकड वर्षभर घोटली की ती सोडवायला दोन वर्षं जातात. मी शिकवलेल्या पोरांत हे पाहिलंय.

आम्ही शिकलो तेव्हा रशियन बायकाल ४६एम असायचं. सिलिंडर वगैरे काही नाही, प्रत्येक शॉटआधी नळीखालचा दांडा ओढून हवा भरायची. मॅचचे ६० आणि वर सरावाचे, तितक्या वेळा. संध्याकाळी जेवताना घास उचलायला दंड नको म्हणायचा. पण त्याच पिस्तुलाची मूठ कानशीने घासून, पुट्टी लावून हाताला बसवली की ५५०-५६० मारणारी पोरं मी पाहिली आहेत.

पिस्तूल आणि हात जिथे भेटतात तिथेच पैसा घालावा: मूठ आणि ट्रिगर. साइटचे ८ हजार वाचवा.

आणि हो, पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदतीची तारीख बघितली का?

त्रिज्या

भावना बाजूला ठेवून जरा आकडे बघू.

या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि नवाचं २७.५. स्कोअर ५३० म्हणजे सरासरी ८.८. मुलीचे शॉट मधल्या बिंदूपासून साधारण १५ मिलिमीटरवर पडतायत असं समजा. आता पिस्तूल व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) आवळून पाच छर्रे मारा. स्वस्त असलं तरी मॅचचं पिस्तूल आहे, समजा मधल्या बिंदूपासून ४ मिलिमीटरपर्यंत फेकलं. लोकांना वाटतं १५ आणि ४ मिळून १९. तसं होत नाही. दोन स्वतंत्र चुका वर्ग करून मिळवायच्या आणि वर्गमूळ काढायचं: २२५ अधिक १६ म्हणजे २४१, त्याचं मूळ साडेपंधरा. म्हणजे उद्या तिच्या हातात जगातलं एकदम निर्दोष पिस्तूल दिलंत, तर फरक अर्ध्या मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरसाठी दोन लाख? आणि ३१ हजार तरी का?

छर्र्यांचे दोन-तीन वेगळे डबे आणा, ४.४९ आणि ४.५० अशा मापांचे, व्हाइसमध्ये तपासा. जो छर्रा छोटं भोक पाडेल तो घ्या. दीड-दोन हजारांत विषय संपतो.

निवृत्त सुभेदार

गणित आवडलं. पण एक सांगा, व्हाइसमध्ये पिस्तूल आवळलं की मुठीचा दोष दिसणार कसा? व्हाइसला अंगठा असतो का? तुमचे ते १५ मिलिमीटर आले कुठून, याचाच तर प्रश्न आहे. मूठ बसत नाही म्हणून मुलगी दर वेळी मनगट वेगळं धरत असेल, तर तो दोष तुम्ही हाताच्या खात्यावर टाकलात आणि पिस्तुलाला क्लीन चिट दिलीत.

त्रिज्या

हे मान्य. मूठ आणि ट्रिगर माझ्या ४ मध्ये येत नाहीत, १५ मध्ये येतात. मग १५ मधले किती मुठीचे आणि किती सरावाचे, हे आधी शोधा. क्लबमध्ये स्कॅट, म्हणजे नेमाची हालचाल टिपणारं यंत्र, असेल तर लावून बघा. निशाणी कुठून कुठे फिरली ते पडद्यावर रेघेत दिसतं. रेघ शांत आहे आणि ट्रिगर ओढताना शेवटच्या क्षणी झटका बसतोय, तर ट्रिगर किंवा बोट. रेघच भरकटतेय, तर खांदा आणि पाय, आणि त्यावर कुठलाही कारागीर ७ हजारांत इलाज करणार नाही. न मोजता खर्च करायला माझा विरोध आहे, इतकंच.

ह्यूस्टनचा पाहुणा

इकडचा अनुभव सांगतो. माझ्याकडे ९ एमएमचं एक स्वस्त पिस्तूल आहे, तीनशे डॉलरच्या आतलं. इंटरनेटवर बघून ट्रिगर बदलला, रात्री चमकणाऱ्या साइट्स लावल्या, मॅगझिनच्या स्प्रिंगा बदलल्या. बेरीज केली तेव्हा चांगल्यातलं ग्लॉक त्याच पैशात आलं असतं. बरं, ट्रिगर बदलल्यावर ते मधूनमधून काडतूसच पेटवेना. जे आधी नीट चालत होतं ते मी पैसे देऊन बिघडवलं. रेंजवरचा म्हातारा इन्स्ट्रक्टर म्हणाला, ते पैसे गोळ्यांवर घातले असतेस तर एव्हाना नेम तरी लागला असता.

भारतात तुमच्या या एअर पिस्तुलाला लायसन्स लागतं का हो?

रेंजवरची माशी

पाहुणे, तुमचं पिस्तूल संरक्षणाचं, इथलं खेळाचं. तुम्हाला ते दर वेळी उडायला हवं, आम्हाला त्या एका ठिपक्यात लागायला हवं. तुलना नको. पण बेरजेचा मुद्दा माझाच आहे, धन्यवाद. आणि लायसन्सचं म्हणाल तर ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे लागत नाही.

कोल्लापुरी

१६ हजाराची ग्रिप? भावा, एम-सील आण, दोन पाकिटं. हाताला तेल लाव, मळलेला गोळा ग्रिपवर थाप, पोरीला घट्ट धरायला लाव, पाच मिनिटं टीव्ही बघू दे. वाळला की कानस आणि पॉलिशपेपर. चुकलं तर खरवडून परत. हात वाढला की परत. दुधाळी रेंजवर निम्म्या पोरांच्या ग्रिपा बघ, लई देखण्या न्हाईत, पण बसत्यात.

फक्त नियमात ठेव. ग्रिपचा कुठलाही भाग हाताला वेढा घालणारा नको, अंगठा वर मोकळा उचलता आला पायजे, आन् सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पायजे. न्हाईतर स्पर्धेला इक्विपमेंट कंट्रोलमधूनच (साहित्य तपासणीतूनच) माघारी.

ट्रिगरला पण कारागीर कशाला? अ‍ॅलन की घे, पुस्तिकेत बघून आधी फुकटात सेट कर. ट्रिगरनं ५०० ग्रॅमचं वजन उचललं पायजे, त्येच्या खाली चालत न्हाई. बऱ्याच जणांनी घेतल्यापासून तो स्क्रू फिरवलेलाच नसतोय.

बाल्कनीतून

सगळे एकमेकांना पैसे कसे वाचवावे ते सांगताय. खरं कुणी बोलत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकल्यापासून प्रत्येक बापाला घरात ऑलिंपिक दिसतंय. ५३० वरच्या नववीतल्या मुलीसाठी दोन लाखांची चर्चा? दहावी जवळ आली, ती बघा.

मिरजकर

बाल्कनीदादा, ऑलिंपिक कुणी म्हटलं? तिला आवडतं म्हणून करते. शनिवारी पहाटे पाचला मला उठवते, एरवी शाळेला साडेसहाला ओढून काढावी लागते. दहावीची काळजी तिच्या आईने घेतली आहे, ती पुरेशी आहे.

रेंजवरची माशी

म्हणूनच सांगतेय, आवड टिकणार असेल तर चांगलं घ्या. सेकंड हँड स्टायर सव्वा लाखापर्यंत मिळू शकतं. ३१ तुमच्याकडे आहेत, हे विकून ४० येतील, उरलेले वर्षभरात जमतील. चांगल्या पिस्तुलाने मुलांच्या मनातली शंका जाते हो. शॉट सातला गेला की पिस्तुलाकडे बोट दाखवता येत नाही.

निवृत्त सुभेदार

शंका कशानेच जात नाही, ताई. २०२१ ला टोकियोत मनू भाकरच्या हातात काय स्वस्तातलं होतं? पात्रता फेरीच्या मधेच पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ झाले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीच मुलगी २०२४ ला पॅरिसमधून १० मीटरचं कांस्य घेऊन आली.

रेंजवरची माशी

म्हणजे तिने स्वस्तातलं घ्यायला हवं होतं?

निवृत्त सुभेदार

नाही. महागातलंही बिघडतं, एवढंच म्हणालो.

मिरजकर, सिलिंडरच्या तारखेचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

मिरजकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं.

व्हाइसमध्ये पाच छर्रे मारले. भोकं एकमेकांत मिसळली, सगळी मिळून दहाच्या वर्तुळात आरामात मावली. म्हणजे नळीत दोष नाही; साइटचे ८ हजार सुभेदार काकांचं ऐकून वाचवले. त्रिज्या, आभार.

स्कॅट आमच्याकडे नाही, सांगलीला जाऊन लावून आलो. रेघ पहिले तीसेक शॉट बरी होती, नंतर खाली घसरत गेली. तिथले सर म्हणाले, खांदा दमतोय. रोज भिंतीकडे तोंड करून छर्रा न घालता वीस मिनिटं ड्राय फायर, आणि दोरीच्या उड्या. याला पैसे पडले नाहीत.

ग्रिपला एम-सील थापलं. पहिला प्रयोग फसला, बायकोने खरवडून काढला आणि दुसरा तिनेच केला. दिसायला मातीच्या ढेकळासारखी आहे, पण मुलीच्या अंगठ्याच्या बुडाला घट्टा पडत होता तो थांबला. स्क्रूचंही कोल्लापुरी म्हणाले तेच निघालं, खरंच कधी फिरवलेला नव्हता. ट्रिगर ७०० ग्रॅमच्या आसपास ओढत होता, ५१० वर आणला. त्यानंतरच्या तीन सराव मॅच: ५३१, ५४२, ५३७. यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्रिज्यांनी लिहायच्या आधी मीच लिहितो.

आता तारखेचं. सुभेदार काका, दोनदा विचारलंत तरी मी उठून बघितलं नव्हतं, चूक झाली. सिलिंडरची दहा वर्षं येत्या फेब्रुवारीत संपतायत. घेताना बघायला हवं होतं. नवं सिलिंडर मागवायचं तर १८ हजार.

रेंजवरची माशी

म्हणजे ६० चे ७८, त्यात ग्रिप-ट्रिगर उद्या करायचं ठरवलंत तर एक लाख एक हजार. सेकंड हँड स्टायर सव्वा लाख. आता बोला.

निवृत्त सुभेदार

सिलिंडर घ्यावंच लागेल. मुदत संपलेल्या नळकांड्यात दोनशे बार दाबाची हवा भरून पोरीच्या हातात द्यायची नसते, स्पर्धेतही त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. बाकी मूठ झाली, ट्रिगर झाला. माझं म्हणणं तेच आहे.

त्रिज्या

सिलिंडर हा अपग्रेडचा खर्च नाही, देखभालीचा आहे. स्टायर घेतलंत तरी त्याचंही दहा वर्षांनी बदलावं लागेल. सेकंड हँड घेताना आधी त्यावरची तारीख बघा, मग किंमत विचारा. माशीताई, सव्वा लाखवाल्याची तारीख काय आहे?

रेंजवरची माशी

विचारून सांगते.

मिरजकर

काल शेवटी मुलीलाच विचारलं, तुला काय हवंय? पिस्तूल राहू दे म्हणाली, बूट चावतायत. गेल्या वर्षीचे आहेत, दोन मापं लहान झाले. गेले दोन महिने बोटं दुमडून उभी राहतेय आणि आम्ही इकडे ग्रिपवर भांडतोय.

घोट्याच्या खालचे, सपाट तळव्याचे पिस्तूल शूटिंगचे बूट, ३८ नंबर, वापरलेले कुणाकडे आहेत का?

कोल्लापुरी

आहेत भावा. ३९ चे आहेत पण, जाड मोजा घालायला लाव. व्यक्तिगत निरोप कर.