मदत हवी आहे : नॅशव्हिलची तालीम ९० मिनिटांत कशी बसवावी?

१९६० च्या नॅशव्हिल सिट-इनवर (अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या लंच काउंटरवर, म्हणजे खाण्याच्या काउंटरवर, शांतपणे बसून राहिले ते आंदोलन) वेगवेगळ्या वंशांच्या २० मुलांसाठी (वय १५-१६) कार्यशाळा आखतोय. आधार जेम्स लॉसन यांनी त्या विद्यार्थ्यांना दिलेल्या अहिंसेच्या प्रशिक्षणाचा. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवलेले, तेच ते. चर्चच्या तळघरात खुर्च्या ओळीने मांडून लंच काउंटर करायचा. काहींनी बसायचं, बाकीच्यांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, मग भूमिका बदलायच्या. नियम नेमके: उलट मारायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, ताठ बसून तोंड काउंटरकडेच.

वेळ : इतिहास २० मिनिटं, प्रसंग १५ + १५, चर्चा ४०. चर्चेला कात्री नको, नाहीतर राग मनातच घेऊन मुलं घरी जातात.

अडचण अशी की वर्णद्वेषी शब्द आणि धक्काबुक्की वर्ज्य केली की प्रसंग लुटुपुटूचा होतो, पोरं खिदळतात. कृष्णवर्णीय मुलांना तेच पुन्हा सोसायला लावणं तर अजिबात नको. त्याऐवजी ऑर्डरच न घेणं, पाठ फिरवणं, घड्याळ लावून ५ मिनिटं संपूर्ण दुर्लक्ष, असं कुणी करून पाहिलंय का?

दुसरं, १९ एप्रिलचा विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावरचा बॉम्ब, मूक मोर्चा, विद्यार्थी नेत्या डायन नॅशचा महापौरांना थेट प्रश्न, १० मे रोजी खुले झालेले काउंटर, यातलं काय गाळावं? ईस्टरच्या खरेदीवरचा बहिष्कार मात्र ठेवणारच. दुकानदार हलले त्यात गल्ल्याचा वाटा मोठा होता.