क्लोझापिन, रक्ततपासणी आणि सिगरेट
वर कुणीतरी म्हटलंय की मानसिक आजाराचा स्पेशल वॉर्ड म्हणजे नुसता दिखावा, गोळ्या त्याच आणि रिसर्चच्या नावाखाली पेशंटवर प्रयोग. नाही पटलं. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या (गंभीर मानसिक आजार, भास-भ्रम होतात) औषधाचंच बघा ना, १९७५ ला फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी एकदम घटून काही पेशंट दगावले आणि बऱ्याच देशांनी ते बंद केलं, मग १९८८ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये दिसलं की बाकी औषधांना दाद न देणारे स्किझोफ्रेनियाचे पेशंट घेतले तर त्यातले ३० टक्के सहा आठवड्यांत यावर सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिनवर जेमतेम ४ टक्के, म्हणून ते परत आलं पण रक्ततपासणीची अट घालूनच. वॉर्डात हेच सांभाळतात: सुरुवातीला दर आठवड्याला रक्त, शिवाय पोट साफ होतंय का ते रोज विचारायचं (हसू नका, या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते). आणि सिगरेट! धुरामुळे लिव्हर हे औषध भराभर संपवतं, वॉर्डात सिगरेट सुटली की त्याच डोसवर रक्तातली लेव्हल चढते, घरी जाऊन परत सुरू केली की उतरते आणि घरचे म्हणतात औषध लागूच पडत नाही. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना हे विचारून घ्याच, डोस मनाने कमी-जास्त करू नका.