मदत हवी आहे: इंधन दरवाढ, गच्चीवरचं सोलर आणि सोसायटीचा हिशेब

गच्ची_कोथरूड (धागाकर्ती):
पेट्रोल-सिलिंडर महागले की आमच्या सोसायटीत तीन मतं पडतात. केंद्राने अबकारी आणि राज्याने व्हॅट कमी करावा, हे पहिलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल (ऊस-धान्यापासूनचं अल्कोहोल) जास्त मिसळा, हे दुसरं. तिसरं म्हणजे गच्चीवर सोलर बसवून तेलावरचं अवलंबित्व संपवायचं. सर्वसाधारण सभेत विषय येणार आहे. २४ फ्लॅट, एक लिफ्ट, दोन पंप, एक डिझेल जनरेटर. कॉमन मीटरला महिन्याला साधारण ९०० युनिट लागतात. सोलरने तेल खरंच वाचतं का? किती किलोवॅट घ्यावं? कुठे फसगत होते?

तारमार्ग:
तिसऱ्या मतात एक कडी निसटली आहे. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशावर तयार होते, तेलावर नाही. सोलरवर लिफ्ट चालवली की बिल उतरतं, कोळसा वाचतो, पण कच्चं तेल जवळपास वाचत नाही. देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. ते वाचवायचं तर गाडी आणि चूल विजेवर आली पाहिजे.

हिशेब मांडा. स्कूटर रोज ३० किमी, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किमी. लिटरला ४५ धरलं तर सुमारे १७ लिटर पेट्रोल, वजनात साडेबारा किलो. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जरमधली गळती धरून किलोमीटरला ४० वॅट-तास, म्हणजे महिन्याला ३० युनिट.

आता सिलिंडर. १४.२ किलो गॅसमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली ६०-६५ टक्केच भांड्यापर्यंत पोचते, इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून एका सिलिंडरच्या जागी १३० ते १४० युनिट लागतात.

म्हणजे जवळपास तेवढंच इंधन वाचवायला स्वयंपाकघराला स्कूटरच्या चौपटीहून जास्त वीज लागते. सुरुवात पार्किंगपासून करा, स्वयंपाकघर नंतर.

उसाचा_पट्टा:
दुसऱ्या मताबद्दल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं मिश्रण २०२५ मध्ये गाठलं गेलं आणि तेवढं पेट्रोल वाचतं, हे खरं. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते, त्यामुळे मिश्रणात ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते. इथेनॉलसाठीच्या उसाला भरपूर पाणी लागतं, हेही सभेत बोललं जावं. आणि पाइप गॅस असलेल्यांनी सुटलो असं समजू नये. देशातला जवळपास निम्मा नैसर्गिक वायू आयात होतो.

गच्ची_कोथरूड:
पटलं. १२ स्कूटर धरल्या तर किती किलोवॅट?

तारमार्ग:
पुण्यात १ किलोवॅट सोलर सरासरी दिवसाला ४ युनिट देतो, महिन्याला १२०. जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. कॉमनचे ९०० आणि स्कूटरचे ३६० मिळून १२६०, म्हणजे साडेदहा किलोवॅट. सावली नसलेली हजार-अकराशे चौरस फूट गच्ची लागेल. याहून मोठं बसवू नका. जादा वीज महावितरणकडे जाऊन बिलात वळती होते, पण ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटना मिळणारा दर फार कमी असतो.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्यात वाहन चार्जिंगही धरतात. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत, म्हणजे डीसीआर. कोटेशनमध्ये हा शब्द लिहून घ्या, नाहीतर काम झाल्यावर अनुदान अडकतं. कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर असेल तर आधी नाव बदला.

भूसंपर्क:
फसगतीच्या जागा सांगतो. पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीन रूम यांची सावली सकाळी नऊ आणि दुपारी चारला कुठे पडते, ते डिसेंबरचा सूर्य धरून तपासा. एका पॅनेलवर सावली आली तरी पूर्ण स्ट्रिंगचं, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या माळेचं उत्पादन घटू शकतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश.

लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (सोलरची वीज महावितरणच्या लाइनला जोडणारं यंत्र) बंद होतो, होणंच आवश्यक आहे, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका. त्यामुळे जनरेटरचं डिझेल सुटत नाही. सोलरची जोडणी चेंजओव्हर स्विचच्या (लाइन की जनरेटर हे बदलणारा स्विच) महावितरणच्या बाजूला करा. जनरेटरच्या बाजूला केली तर इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड, म्हणजे महावितरणची लाइन समजतो आणि लोड कमी असताना उलटी वीज त्यात शिरते. अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरचा वीज तयार करणारा भाग बिघडतो.

चार्जिंग पॉइंट प्रत्येकी १६ अँपिअरचा, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर ४. प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट आला की तुटणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की तुटणारा, शॉकपासून वाचवणारा) आणि वापर मोजायला सबमीटर. अर्थिंग ५ ओहमच्या आत आहे का, ते मीटर लावून मोजून घ्या. पुढे इंडक्शन घेणाऱ्यांनी ओट्यावरचा ६ अँपिअरचा सॉकेट वापरू नये. २००० वॅटला जवळजवळ ९ अँपिअर लागतात, सॉकेट वितळतो.

गच्ची_कोथरूड:
१२ जणांनी रात्री एकदम चार्जिंग लावलं तर?

भूसंपर्क:
७५० वॅटचा एकेक चार्जर, १२ चे ९ किलोवॅट. लिफ्ट आणि पंप त्यावर वेगळे. मंजूर भार, म्हणजे महावितरणने एका वेळी वापरायला मंजूर केलेले किलोवॅट, आधी बिलावर बघा. पंप रात्री नको, दुपारी सोलर चालू असताना लावा, आणि चार्जिंगला टायमर घालून सहा-सहाच्या दोन पाळ्या करा. तरीही भार पुरत नसेल तर वाढीव भाराचा अर्ज सोलरच्या अर्जाआधी द्या.