अनुभव धागा: माहिती अधिकारात काय मागितलंत, हाती काय आलं?

माहितीचा अधिकार कायदा 12 ऑक्टोबर 2005 ला लागू झाला. महाराष्ट्रात तर त्याआधी राज्याचा स्वतःचा 2002 चा कायदा होता, म्हणजे अर्ज टाकणाऱ्यांची एक अख्खी पिढी आपल्यात आहे. कोरे नमुने सगळीकडे मिळतात, ते नकोत. नेमकं काय विचारलं, आत काय हालचाल झाली, कागद मिळाला का, एवढं लिहा. कार्यालयांची आणि माणसांची नावं टाळा. टेबलापलीकडच्यांनीही, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनीही, जरूर लिहावं.

सांगली जिल्हा

आमच्या गल्लीतला काँक्रीट रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. सगळ्यांचं म्हणणं, ‘काम निकृष्ट का झालं ते विचार.’ शेजारच्या निवृत्त ओव्हरसियर काकांनी ते खोडलं आणि जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना) स्वतःच भरून दिलं: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या (एमबी) या कामाच्या नोंदी आणि अदा केलेली देयकं, यांच्या साक्षांकित प्रती. बस. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा. आम्हाला निम्मेही लागले नाहीत. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, आवक शिक्का मारून पोच घेतली.

30 दिवस उलटले तरी चिठोरा नाही. मग वरच्या अधिकाऱ्याकडे प्रथम अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला साहेबांनी चहा मागवला. ‘तुम्हाला नेमकं काय पाहिजे, आपण बसून मिटवू.’ काका म्हणाले, ‘एमबी.’ मुदत टळली असल्याने कलम 7(6) नुसार प्रती फुकट द्याव्या लागल्या, एरवी पानाला 2 रुपये.

एमबीत रुंदी सलग 3 मीटर. टेप लावला तर सार्वजनिक नळापाशी अडीचही भरेना. जाडी लिहिलेली 15 सेंटिमीटर. उखडलेल्या कडेला शाळेची पट्टी धरली तर दहाच्या आत. फोटो आणि एमबीची प्रत ग्रामसभेत ठेवली. अंतिम देयक निघायचं होतं, ते थांबलं, फेरमोजणी झाली. रस्ता मात्र अजून तसाच आहे म्हणा!

टेबलापलीकडून, विदर्भ

काही वर्षं मी जन माहिती अधिकारी, म्हणजे या अर्जांना उत्तर देणारा, होतो. वरच्या काकांना नमस्कार, कारण आतली गोष्ट त्यांना पक्की ठाऊक आहे. ‘का’ विचारलंत की आम्ही सुटलो. कायद्यात माहिती म्हणजे दप्तरी असलेली माहिती. कारणं शोधून देणं आमचं काम नाही. तसं एका ओळीत कळवलं की प्रकरण निकाली.

दुसरी बाजूही ऐका. ‘2005 पासून आजपर्यंतची सर्व कागदपत्रे’ असे अर्ज येतात. रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यातली गाठोडी, वर वटवाघळं, आणि शिपायाची जागा रिक्त. उशीर झाला तर दंड दिवसाला 250, कमाल 25,000 रुपये, आणि तो खिशातून. सहकाऱ्याला छळायला त्याच्या रजेचे अर्ज मागणारे तर मला जास्त भेटले. खऱ्या गरजूचा अर्ज त्यांच्याच ढिगात दबतो, हे मी पाहिलंय.

पुणे

आमच्या महापालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 फाइल बघता यायची, अर्जाशिवाय. मी आधी तिथे बसायचे, पान क्रमांक टिपून घ्यायचे आणि मग तेवढ्याच पानांचा अर्ज टाकायचे. ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ हे ठरलेलं उत्तर मग देताच यायचं नाही.

नाशिक, विद्यार्थी

उत्तरपत्रिका मागितली. ‘गोपनीय आहे’ म्हणाले. अपिलात सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल जोडला (स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते), आणि प्रत मिळाली. एका प्रश्नाला गुणच दिलेले नव्हते.

दुबई

नागरिकत्व भारतीय असेल तर परदेशातूनही अर्ज करता येतो. केंद्राच्या खात्यांसाठी फी भरायला ऑनलाइन पोस्टल ऑर्डर 2013 मध्ये सुरू झाली. बाबांची रक्कम केंद्राच्या एका कार्यालयात अडकली होती. मी फक्त इतकंच मागितलं: त्यांचा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे, आणि त्यावरच्या टिपणीची प्रत. माहितीचं पत्र यायच्या आधी पैसे आले.

मावळ

सगळं इतकं गोडीगुलाबीचं नसतं. आमच्या तळेगावात सतीश शेट्टींचा 13 जानेवारी 2010 ला, सकाळी फिरायला गेले असताना, खून झाला. जमिनींचे व्यवहार ते याच कायद्याने बाहेर काढत होते. अर्जावर नाव-पत्ता लागतो, आणि सकाळी टाकलेला अर्ज संध्याकाळी ठेकेदाराच्या तोंडी असतो. घरी फोन आला, ‘वहिनी, साहेबांना सांभाळा.’ तेव्हापासून आम्ही एकाच विषयावर वेगवेगळ्या घरांतून अर्ज टाकतो. दुसऱ्या अपिलाचं मात्र विचारू नका. माहिती आयोगात तारीख लागेपर्यंत विषयच शिळा होतो.

लातूर

प्रश्न आहे. राज्याच्या पोर्टलवर आमची ग्रामपंचायत यादीत दिसत नाही, आणि ग्रामसेवक अर्ज हातात घेत नाहीत. काय करावं?

सांगली जिल्हा

स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. पाकिटावर ‘जन माहिती अधिकारी’ एवढंच लिहा, ग्रामसेवकांचं नाव घालू नका. पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच अपिलाला जोडा.